यमुनेच्या खळ्यातली लाकडं

खारघरचे टॉवर जिथे संपतात, तिथून पुढे ओवे गावाच्या अंगाला एक गाव आहे. त्या गावात दोन जावा नांदत होत्या. थोरली भागीरथी, धाकटी यमुना. सासऱ्यांनी म्हणे नावं ऐकूनच सोयरिकी जमवल्या होत्या. दोन नद्या घरात आल्या तर घर कधी कोरडं पडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. घर कोरडं पडलं नाही, पण नद्यांनी एकमेकींकडे पाठ फिरवली. त्यातली थोरली नदी म्हणजे मी.

आता माझी जी फजिती झाली ती कुठल्या तोंडानं सांगू? सांगते. पण मधे हसायचं नाही. ही गोष्ट मयताची आहे. म्हणजे मयताची होती. म्हणजे मला तसं वाटलं होतं. जाऊ द्या, चहा घ्या, पहिल्यापासून सांगते.

आमच्या जमिनी गेल्या, शेतं गेली, माझ्या माहेरची मिठागरं तर कधीच गेली. राहिलं काय? दोन घरं आणि दोन्ही घरांच्या मधलं खळं. पूर्वी तिथे भात झोडायचे, आता मुलं क्रिकेट झोडतात. खळ्याचा अर्धा भाग माझा, अर्धा यमुनेचा, आणि बरोबर मधोमध सासऱ्यांनी लावलेली जांभळ. एवढी मोठी, की तिची सावली दोन्ही दारांत जायची. कोणाची जास्त, कोणाची कमी, असं कधी कोणी मोजलं नाही.

यमुनेच्या भालूचं लग्न ठरलं. आमच्याकडची हळद तुम्ही पाहिली असेल तर ठाऊक असेल, सगळं गाव जेवतं आणि शेजारचं गावही जेवतं. एवढ्या मोठ्या टोपांना लाकूडच लागतं, गॅसवर ते शिजत नाही. मी पनवेलला बाजाराला गेले होते. परत आले तर जांभळ आडवी. तिचे ओंडके करून चुलवाणापाशी रचलेले, आणि यमुना कमरेला पदर खोचून सांगतेय, "फांदी मोडून छपरावर आलेली गो, आज ना उद्या पडलीच असती."

पडलीच असती. बरोबर असेल. पण मला विचारलं का? नाही विचारलं. त्या हळदीत मी जेवले नाही. त्या दिवसापासून तिच्याशी बोलले नाही.

म्हणजे बोलायचे, पण कोंबडीशी. "कोंबडे, काही लोकांना सांग, पानी आमच्या दारात सोडू नको." पलीकडून तीही कोंबडीलाच उत्तर द्यायची. "कोंबडे, सांग जा, पानी उताराला जातं, मानसं बघून जात नाय." बिचाऱ्या कोंबड्या. आमच्या घरातल्या कोंबड्या अंडी कमी द्यायच्या, ते ह्यामुळेच असावं.

अशी कित्येक वर्षं गेली. आमच्या दोघींचे मालक गेले, ती माझ्याकडे मयताला आली, मी तिच्याकडे गेले. मयताला जावंच लागतं, तिथे भांडण चालत नाही. तेरावं झालं की पुन्हा कोंबडी.

आता माझी सून. सुरेखा. माझा मुलगा उरणला बंदरात कामाला आहे, त्यामुळे घर, मुलं, मी आणि गावातल्या बायकांचा बचतगट, हे सगळं तीच ओढते. पापड झाले, लोणची झाली, मसाले झाले. मसाला गावात प्रत्येकीला स्वतःचाच आवडतो, म्हणून विकला गेला नाही. मग एक दिवस ती एका सभेला गेली आणि डोक्यात लाकूड घेऊन आली.

म्हणाली, "आई, तळोज्याच्या बाजूला कारखाने आहेत, त्यांच्या बॉयलरला कोळसा लागतो. आता त्यांना कोळशाच्या ऐवजी लाकडाच्या कांड्या हव्यात."

मी विचारलं, कसल्या कांड्या? तर म्हणे लाकडाचा भुसा करायचा, तो मशीनमध्ये दाबला की बोटाएवढ्या कांड्या होतात, खडूसारख्या, फक्त कडक. कळंबोलीला ट्रकवाले माल रचायच्या मोडक्या पॅलेटच्या फळ्या टाकून देतात, त्या आणायच्या. वखारीतला भुसा आणायचा. बांधांवरची सुबाभूळ आणि गिरिपुष्प छाटायचं.

मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, बाई, माझा जन्म फुंकणी फुंकण्यात गेला. डोळे धुरानं गेले. घरात गॅस आला त्या दिवशी मी शेगडीला हळद-कुंकू लावलं होतं. आता शिकलेली सून परत मला लाकडाकडे नेतेय?

ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या चुलीत नाही हो जाळायचं. त्यांच्या बंद भट्टीत. आणि कोळसा एकदा खणून काढला की तो संपला. सुबाभूळ छाटली की पावसात परत तुमच्या डोक्यावर जाते. उभं मोठं झाड तोडायचंच नाही, असा आमच्या गटाचा नियम आहे. छाटायचं आणि जितकं छाटू तितकं लावायचं."

उभं झाड तोडायचं नाही, हे ऐकलं आणि मला आमची जांभळ आठवली. तो नियम काही वर्षं आधी कोणी केला असता तर बरं झालं असतं, असं मनात आलं. 

मशीन देणारा तयार होता. आधी काही दिवस चालवून बघा, मग ठरवा म्हणाला. गटातल्या सगळ्या बायका तयार. अडलं कुठे? जागेत. लाकूड वाळवायला, कुटायला, मशीन ठेवायला मोठी मोकळी जागा हवी, गाडी आत आली पाहिजे. गावात टॉवर आहेत, दुकानं आहेत, पार्किंग आहे. मोकळी जागा एकच. आमचं खळं. तेही सगळं, अर्धं नाही. जागा नसेल तर मशीन दुसऱ्या गावच्या बायकांना जाणार होतं, त्या टपूनच बसल्या होत्या.

सुरेखा माझ्यासमोर येऊन बसली. "आई, तुम्ही काकींशी एकदा बोला. तुमच्या दोघींच्या बोलण्याविना हे व्हायचं नाही. ह्या गटात विधवा बायका आहेत, घरी बसलेल्या मुली आहेत. मसाल्यासारखं हेही गेलं तर परत कोणी माझ्या मागे येणार नाही."

तिचे डोळे भरले होते. मला दिसत होतं. पण माझं तोंड माझ्या आधी बोललं. "ती मेली तर जाईन तिच्या दारात. जिती असताना नाय."

अंगणात उभं राहून, मोठ्यानं बोलले. पलीकडे यमुना तांदूळ पाखडत होती, तिच्या सुपाचा आवाज थांबला. ऐकलं तिनं.

वर सुरेखानं मला आणखी एक विचारलं. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली माझी लाकडं होती, त्यातली थोडी नमुन्याला मिळतील का? तुम्ही हसू नका. ती लाकडं मी माझ्यासाठी ठेवली होती. माझ्या चितेसाठी. ऐनाची, खैराची, एकेक निवडून वाळवलेली. पावसाळ्यात गेले तर ओल्या लाकडानं लोकांचे हाल नकोत, असा विचार. तर मी म्हटलं, त्याला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे.

असं दोन्हीकडे नाही म्हणून मी उरणला मुलीकडे निघून गेले. तिचं बाळंतपण होतं. मुलगा झाला. बाळाला तेल लावण्यात, शेक-शेगडीत मी खळं, कांड्या, यमुना, सगळं विसरले. सुरेखाचा फोन यायचा. तिचा आवाज बसलेला असायचा. काय गं, बरं नाही का? "बरी आहे. आई, तुम्ही कधी येताय? या. फोनवर नको, आल्यावर सांगते." मी म्हटलं, काही झालंय का? तर म्हणे, "तुम्ही या तर."

हे लक्षात ठेवा. बसलेला आवाज, आणि आल्यावर सांगते.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे माझी चूक तुम्हाला पुरती कळेल. आमच्या गावात कोणी गेलं की घरटी एक लाकूड जातं. गरीब असो, श्रीमंत असो, एक लाकूड खांद्यावर घ्यायचं आणि त्या घराच्या दारात नेऊन ठेवायचं. आता पनवेलच्या स्मशानात लाकूड मिळतं, पण घरटी एक लाकूड अजून जातंच. आणि लाकूड घेऊन जाणाऱ्याला वाटेत काही विचारायचं नाही. कोण गेलं, कसं गेलं, काही नाही. राम राम सुद्धा नाही. तुम्हीही एक लाकूड घ्यायचं आणि मागे चालायचं. रिकाम्या हातानं जाणं वाईट.

तर मी उरणहून आले. दुपारची वेळ. रिक्षा गावाच्या तोंडाशी थांबली, मी पिशवी घेऊन उतरले आणि बघते तर समोरून वामन्याच्या घरची माणसं चाललीत. खांद्यावर एकेक लाकूड. त्यांच्या मागे पाटलांच्या घरची. त्यांच्याही खांद्यावर लाकूड. आणि सगळी वळतायत कुठे? आमच्या गल्लीत.

माझे पाय तिथेच थांबले.

आमच्या गल्लीत दोनच घरं. माझं आणि तिचं. माझ्या घरातलं कोणी असतं तर मला उरणहून गाडीत घालून आणलं असतं. म्हणजे कोण?

तेवढ्यात पदाजी तात्या दिसले. हे आमच्या गावचे जुने जाणते, मालकांचे सोबती. त्यांच्याही खांद्यावर लाकूड. मला बघून थबकले. विचारायचं नसतं, म्हणून मी काही विचारलं नाही. तेच हळूच म्हणाले, "वयनी, आल्या तुमी. बरा झाला. सगली तुमचीच वाट बघताय. यमुनेनं सांगून ठेवलाय, मोठी आल्याबिगर पुढचा काय कराचा नाय."

आता सांगा, मी काय समजायचं? मेलेल्या माणसाची शेवटची इच्छाच अशी असते. अमक्याला येऊ द्या, मग उचला. तिनं जाता जाता माझं नाव घेतलं होतं. इतकी वर्षं कोंबडीमार्फत बोललेल्या बाईनं शेवटी माझं नाव घेतलं होतं.

मी घरी गेले. घरात कोणी नाही. पाय धुतले. पिशवी कोपऱ्यात टाकली. मागच्या पडवीत गेले आणि ताडपत्री ओढली. माझ्या चितेची लाकडं. त्यातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात सरळ, खैराचं लाकूड काढलं.  मी स्वतःशीच म्हटलं, भागीरथे, धाकटी तुझ्या आधी चालली. तुझं लाकूड तिला दे. एवढं तरी दे.

तुळशीच्या वाळक्या काड्या घेतल्या, त्याही ठेवतात अंगावर. लाकूड खांद्यावर घेतलं. जड लागत होतं, पण कोणाला हात लावू दिला नाही. आणि जे खळं मी ओलांडत नव्हते, ते ओलांडून गेले.

खळ्यात काय दिसलं, ते सांगते. लाकडांचा मोठा ढीग. एका बाजूला गावातल्या बायका बसलेल्या, सगळ्यांनी डोक्यावरून पदर घेतलेला, नाकातोंडाला लावलेला, नुसते डोळे दिसतायत, आणि डोळे लाल. दोन माणसं बांबूला बांबू लावून सुंभानं बांधतायत. दाराशी भालू उभा, डोक्यावरचे केस काढलेले, पार गुळगुळीत. इतक्यातच केस काढले? मग आईला कधी नेणार? पण तो विचार माझ्या डोक्यात टिकला नाही, कारण मला मधोमध ती दिसली.

ओसरीच्या खाली, फळीवर, लांबलचक. पांढऱ्या चादरीनं पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली. वर झेंडूचा हार. डोक्याशी समई, उदबत्ती.

मी आले तशी सगळी शांत झाली. बांबू बांधणारे थांबले. बायका उठून बाजूला सरकल्या, मला वाट दिली. सुरेखानं मला बघितलं आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मला बघून सुरेखा रडते, भालू खाली बघतो, सगळं गाव श्वास रोखून उभं. आणखी काय पुरावा पाहिजे?

मी लाकूड ढिगावर ठेवलं आणि तिच्या अंगावर पडले.

आमच्याकडे रडायचंही एक बोलणं असतं. गेलेल्याला हाक मारून, त्याचं नाव घेऊन, सगळं सांगायचं. आमच्या आया शिकवायच्या. मी त्यात चांगली आहे, लोक मला बोलवायचे.

"यमुने गो माजे बाय," मी सूर लावला. "मला न सांगता चाललीस गो. थोरली मी, आन् पुढं तू गेलीस गो. त्या जांबलीसाठी मी तोंड फिरवलं गो. जांबल गेली, सावली गेली, आता तूबी गेलीस गो. अर्ध्या खल्यासाठी भांडले गो, आता सगला खला घे गो, माज्या दारापर्यंत घे गो. तुज्या सुपाचा आवाज आयकून मी सकालची उठायची गो, तुला कधी बोलले नाय गो. आता कोनाच्या सुपावर उठू गो..."

रडता रडता मी तिला मिठी मारली. अंग थंडगार, कडक. म्हटलं, बराच वेळ झाला वाटतं. चादरीखालून तेलाचा वास आला. आंघोळीला तेल लावलं असणार, वास थोडा गाडीच्या तेलासारखा होता, पण अशा वेळी कोण तेल निवडत बसतो? हात खाली सरकला तर कमरेशी रुंद पट्टा लागला. मला आणखीच रडू आलं. चांदीचा कमरपट्टा तसाच ठेवला होता मुलांनी, काढून घेतला नव्हता. बरी निघाली मुलं.

मग मी जे कधी कोणापुढे कबूल केलं नसतं तेही बोलले. "तुज्या हातचा जवल्याचा कालवन माज्यापेक्षा चांगला व्हता गो. मी बोलायची मीठ जास्त हाय, पन मीठ बरोबर व्हता गो..."

माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली होती. पदर तोंडावर. तीही रडायला लागली. हुंदक्यावर हुंदके. दुःखात दुसऱ्याचा हात बरा वाटतो, मी तिला जवळ घेतलं, तिनं मला घट्ट धरलं. दोघी मिळून रडलो. माझ्यापेक्षा तीच जास्त रडत होती, म्हणून मीच तिला म्हटलं, "गप गो, बाय. गेलं मानूस येत नाय परत."

तिनं पदरानं नाक पुसलं. तोंडावरचा पदर बाजूला झाला.

यमुना.

मी एकदा तिच्याकडे बघितलं. एकदा चादरीकडे बघितलं. परत तिच्याकडे. 

तीच बोलली.  "बाय, कालवनाचा काय बोललीस? परत बोल. ह्या सगल्यांना आयकू दे."

मी विचारलं, "मग... ह्या खाली कोन हाय?"

सुरेखानं चादर बाजूला केली. खाली लोखंड. निळ्या रंगाचं, लांबट. ज्याला मी कमरपट्टा समजले तो रबरी पट्टा होता. कांड्यांचं मशीन हो! मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं रडणं एका मशीनच्या गळ्यात पडून रडले होते.

कोणी हसलं नाही. तेच वाईट. कोणी हसलं असतं तर मीही हसून निभावून नेलं असतं. सगळं गाव डोळे पुसत होतं.

मग हळूहळू उलगडलं. मी उरणला गेले त्या संध्याकाळी सुरेखा एकटीच यमुनेच्या दारात गेली होती. यमुना तिला म्हणाली, खळं देते, हरकत नाही. मशीन आणा, ठेवा, लाकूड गोळा करा. पण चालवायचं नाही. "तुजी सासू सोता माज्या दारात येऊन बोलू दे, मंग चालवा. नाय आली तर मशीन परत." मशीनवाला त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. हे सुरेखानं मला फोनवर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी उरणहून आलेच नसते. ते मात्र तिनं बरोबर ओळखलं. आवाज बसला होता तो वखारीतून आणलेला भुसा चाळून चाळून. बायकांचे डोळे लाल, तोंडावर पदर, तेही भुशानंच. मशीन झाकलं होतं भुसा बसू नये म्हणून, आणि हार घातला होता पूजेसाठी. नारळ मी आल्यावर मीच फोडायचा, असं यमुनेनं बजावलं होतं. बांबू बांधत होते सावलीच्या मांडवाला. भालू तिरुपतीला जाऊन आला होता. आणि घरटी एक लाकूड, हे सुरेखानं बायकांना सांगितलं होतं. पहिल्या दिवशी प्रत्येक घराचं लाकूड मशीनमध्ये गेलं पाहिजे, म्हणजे मशीन सगळ्यांचं होईल.

आणि मला खांद्यावर लाकूड घेऊन, अनवाणी, खळं ओलांडून येताना बघून सगळ्या गावाला काय वाटलं? म्हातारीनं हट्ट सोडला. म्हातारी लाकूड घेऊन समेटाला आली. म्हणून ती शांतता. म्हणून सुरेखा रडली.

यमुनेनं माझा हात अजून सोडला नव्हता. म्हणाली, "तू बोलली होतीस ना, मी मेल्यावर येशील. बोलल्यापरमानं आलीस. मी मरायची राह्यले एवडाच."

मी म्हटलं, "यमुने, मला वाटला तू खरीच गेलीस."

"म्हनून तर रडले," ती म्हणाली. "मला कोन एवडा रडंल असा वाटला नव्हता गो कधी."

ह्यावर मला जे रडू आलं ते खरं होतं. आधीचंही खरं होतं, पण ते मशीनच्या नावावर जमा झालं होतं.

मशीनवाला एका बाजूला चहाचा कप घेऊन उभा होता. परगावचा माणूस, टोपी काढून छातीशी धरलेली. तो सुरेखाला हळूच विचारत होता, "बहनजी, हमारे यहाँ तो सिर्फ नारियल फोड़ते हैं। आपके यहाँ हर मशीन पर ऐसे रोना पड़ता है?" सुरेखानं त्याला सांगितलं, फक्त पहिल्या वेळी.

मग भालूनं आठवण केली, "काकी, नारल?" मी नारळ फोडला. यमुनेनं पाणी फिरवलं. पदाजी तात्यांनी सगळ्यांच्या आधी माझं खैराचं लाकूड उचललं, शेजारच्या, लाकूड कुटायच्या दुसऱ्या मशीनकडे नेलं आणि माझ्याकडे बघितलं. ते लाकूड कुठलं आहे ते त्यांना ठाऊक होतं, ऐन-खैर आणायला मालकांबरोबर तेच गेले होते. मी मान हलवली. टाका म्हटलं. उरलेली ताडपत्रीखालची लाकडंही सुरेखानं पुढच्या आठवड्यात नेली, मला विचारून. मी कुठे लगेच चाललेय?

आता आमच्या खळ्यात रोज सकाळी बायका जमतात. बांधांवर छाटलेल्या सुबाभळी कंबरेएवढ्या परत उभ्या राहिल्यात, आणि गटानं खळ्याच्या मधोमध एक रोप लावलंय. कारखान्याची गाडी येते, कांड्यांची पोती भरून जाते. मसाल्याच्या वेळी सुरेखाला नावं ठेवणाऱ्या बायका आता तिला विचारून घरात पाऊल टाकतात. मुलगा बंदरातली रात्रपाळी सोडून गाडीचं काम बघतो, त्यामुळे घरात रोज संध्याकाळी सगळे ताटावर असतात. मी आणि यमुना लाकूड वाळत घालतो, उलटतो, कोणतं ओलं ते हातानं ओळखतो, आणि भांडतो. पण तोंडानं. कोंबड्या सुटल्या.

फक्त एक त्रास आहे. मशीन आहे, कधी अडतं. पट्टा सरकतो, भुसा दाटतो, घरघर करतं आणि बसतं. मग भालू पाना घेऊन येतो, खटपट करतो, चालू होत नाही. सगळ्या बायका कामं थांबवून माझ्याकडे बघतात. त्यातली एक तरी म्हणतेच, "आजी, जरा पडा की गल्यात."

मी अशा वेळी ओसरीवरून हलत नाही. मानी बाई आहे मी. पण तुम्हाला म्हणून सांगते. परवा मोठी मागणी आली होती, गाडी दारात उभी, आणि हे बसलेलं. सगळ्या जेवायला गेल्या होत्या. यमुना घरात डोळा लावून पडलेली. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि घातले हात त्याच्या गळ्यात. थोडंसंच रडले.

चालू झालं हो. त्या दिवशी गाडी भरून गेली.